निवृत्त गुरुजी, बाई आणि चीनची नोकरी

आपल्या समाजात शिक्षकाच्या नोकरीला वेगळाच मान आहे. बाबासाहेबांच्या हाकेला ओ देऊन गावोगावचे जे पहिले लोक शिकले, त्यातले कितीतरी जण डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. त्यांच्या एका पगारावर भावंडे शिकली, बहिणींची लग्ने झाली, पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. पण हेच गुरुजी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले की त्यांचे काय करायचे हे कोणालाच कळत नाही. नवरा-बायको दोघेही शिक्षक असतील तर एका घरात दोन माणसे एकदम रिकामी होतात. मुले पुण्या-मुंबईला नोकरीला. गावात मोठे घर आणि दोघेच.

आमच्या वडवणी तालुक्यात असेच एक जोडपे आहे. त्यांचे नाव इथे देत नाही. गुरुजींनी मला चौथीत शिकवले, आज त्यांचे वय एकसष्ट. बाई एकोणसाठच्या. मी पडलो कारकून, त्यातून समाजकार्याची आवड. त्यामुळे वस्तीतले कोणतेही सरकारी पत्र, बँकेचा कागद, कोर्टाची नोटीस वाचायला माझ्याकडे येते. गेल्या वर्षी वर्षावासातले ग्रंथवाचन संपले, त्या दिवशी विहारातून निघताना गुरुजींनी माझ्या हातात एक फाईल दिली आणि म्हणाले, "हे जरा नीट वाच अन् सांग."

फाईल एका मोठ्या शहरातल्या एजंटाची होती. चीनमधल्या एका शाळेत दोघांनाही इंग्रजी शिकवायची नोकरी, राहायला खोली, जाण्या-येण्याचा खर्च, सगळे लिहिलेले होते. दोघांचे मिळून साडेतीन लाख रुपये भरायचे, निम्मे आधी. कागदाच्या शेवटी बारीक अक्षरात होते की आत्ता पर्यटक व्हिसावर जावे, पुढची कागदपत्रे तिकडे गेल्यावर करून देऊ.

मी विचारले, "गुरुजी, या वयात एवढ्या लांब कशाला?"

गुरुजी काही बोलले नाहीत. बाईच म्हणाल्या, "अरे, तीस वर्षं शिकवलं. काही गावात आमचा चहाचा कप वेगळा ठेवायचे. हेडमास्तरचा चार्ज आला तवा लोकांनी पोरं काढून दुसऱ्या शाळेत घातली. तिकडं निदान आडनाव ऐकून कुणी तोंड वाकडं करणार नाही. शेवटची दोन वर्षं तरी नुसती बाई म्हणून शिकवावं वाटतं."

मला उत्तर सुचले नाही. पैशाचा लोभ असता तर समजावणे सोपे होते. इथे एका बाईला मरण्याआधी एकदा निव्वळ शिक्षिका व्हायचे होते.

तरी कागद तो कागद. मी आठ दिवस चौकशी केली आणि जे समजले ते दोघांपुढे ठेवले. चीनमध्ये नोकरी करायची तर वेगळा कामाचा व्हिसा लागतो, त्याला झेड व्हिसा म्हणतात. नोकरी देणाऱ्याने आधी सरकारकडून परवान्याचे पत्र मिळवायचे, मग आपण त्या पत्रावर व्हिसा मागायचा. पर्यटक व्हिसावर काम करणे हा तिथे गुन्हा आहे. सापडल्यास दंड, प्रसंगी कोठडी आणि देशाबाहेर रवानगी. परवाना सर्वसाधारणपणे साठ वर्षांच्या आतल्या, पदवीधर आणि दोन वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला मिळतो. भाषा शिकवायची असेल तर ती त्याची मातृभाषा असावी अशी अपेक्षा असते. म्हणून इंग्रजीसाठी बहुतेक इंग्लंड, अमेरिका अशा देशांचे पासपोर्ट बघतात.

मी म्हणालो, "बाई, तिथे आडनाव विचारणार नाहीत, पण पासपोर्ट कुठला ते विचारतात. माणूस जन्मला कुठे हा प्रश्न तिथेही सुटत नाही."

पैसे वाचले. पण गुरुजींचा चेहरा उतरला. म्हणाले, "म्हणजे आपला खडू संपला म्हण की."

ते वाक्य मला लागले. साठीनंतर शिकवणे संपते का? आणि परक्या मुलखात जाऊन शिकवणे हे आपल्या लोकांना अपरिचित आहे का? आपला तर धम्मच असा पसरला. तथागतांनी सारनाथला पहिल्या साठ भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी चारी दिशांना पाठवले, दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे सांगितले.

चीनची वाट तर आपल्या शिक्षकांनीच तुडवलेली आहे. उज्जैनचे आचार्य परमार्थ यांचे उदाहरण मी त्या दिवशी गुरुजींना सांगितले. इ.स. ५४६ मध्ये ते समुद्रमार्गे दक्षिण चीनमध्ये पोचले, तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीसच्या आसपास होते. ५४८ मध्ये राजधानीत बौद्ध राजा वू यांची भेट झाली आणि लगेच बंड उसळले. राजा गेला, आश्रय गेला. परमार्थ गावोगाव भटकत राहिले. त्यांना घरची ओढ होती, परत जायचे होते. ५६२ मध्ये ते गलबतात बसलेही, पण वाऱ्याने गलबत उलट चीनच्याच किनाऱ्याला आणून टाकले. तेव्हा वय साठीच्या पुढे. माणूस खचला. पण असंगांचा महायानसंग्रह आणि वसुबंधूंचा अभिधर्मकोश हे मोठे ग्रंथ त्यांनी चिनी शिष्यांना समजावून चिनी भाषेत आणले, ते याच्यानंतर. ५६९ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

जोडप्याचे उदाहरण हवे तर ते आपल्या सोलापूरचे आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते तिथे शिक्षकही होते. चिनी भाषा शिकून त्यांनी त्याच भाषेत वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवले, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचे पुस्तक लिहायला घेतले. त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान त्याच संस्थेत परिचारिकांना शिकवत. १९४१ मध्ये लग्न, १९४२ मध्ये मुलगा. त्याचे नाव ठेवले यिनह्वा, म्हणजे भारत आणि चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला डॉक्टर गेले, वय अवघे बत्तीस. क्वोताई मात्र २०१२ पर्यंत जगल्या आणि भारताशी, कोटणीस घराण्याशी नाते ठेवून राहिल्या.

आणि आपले बाबासाहेब? १९५६ च्या नोव्हेंबरात, पासष्टाव्या वर्षी, शरीर साथ देत नसताना ते माईसाहेबांना बरोबर घेऊन काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेला गेले. तिथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स यावर त्यांनी जगभरच्या प्रतिनिधींना समजावून सांगितले. त्यानंतर काही दिवसांतच महापरिनिर्वाण झाले. शिकवण्याला वयाची अट त्यांनी मानली नाही.

गुरुजी म्हणाले, "ती मोठी माणसं. आम्ही कुठं जावं ते सांग."

मी म्हणालो, "गुरुजी, दिवाळीनंतर आपल्या तालुक्यात काय होतं ते बघा."

वाचकांना ते सांगायला नको. बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको दोघे मिळून एक कोयता. उन्हाळ्यापर्यंत मुक्काम कोपीत. लेकरे बरोबर गेली तर शाळा बुडते. मागे राहिली तर आजी-आजोबांजवळ राहतात, अभ्यास घेणारे कोणी नसते. हंगामी वसतिगृहाच्या योजना आहेत, पण त्या प्रत्येक वस्तीपर्यंत पोचतातच असे नाही. मुलगी जरा मोठी झाली की शाळा सुटते आणि पुढे लग्न करून तिचाही अर्धा कोयता होतो.

ही लेकरे फक्त आपल्याच समाजाची नाहीत. वंजारी आहेत, लमाण आहेत, मराठा आहेत, मातंग आहेत. त्यांची आणि गुरुजींची भाषा एकच असली तरी मधली दरी चीनच्या समुद्राएवढीच आहे.

त्या हंगामात दोघांनी घराच्या वट्ट्यावर संध्याकाळचा वर्ग सुरू केला. गुरुजी गणित घेतात, बाई वाचन घेतात. पहिल्या आठवड्यात चार मुले होती, पुढे चौदा झाली. एका म्हातारीने नातवाला पाठवायला आधी नकार दिला होता. कारण तेच, जुने. मग नातू घरी बसून पाढे म्हणायला लागला आणि तिच्या मनाने घेतले. आता तीच बाईंना ताक आणून देते. बाई म्हणाल्या, "ताकाचा तांब्या तिच्या घरचा, अन् मी त्याच तांब्यानं प्याले." त्यांना काय म्हणायचे होते ते माझ्या ध्यानात आले.

सगळा गाव बदलला असे मी म्हणणार नाही. दोन घरे अजूनही मुले पाठवत नाहीत. पण बाईंना जे चीनमध्ये मिळवायचे होते, त्यातले थोडे वट्ट्यावर मिळाले.

परदेशी जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. आपल्या तरुण मुला-मुलींनी जरूर जावे. मात्र एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत आहे का ते पाहावे, कामाचा व्हिसा हातात आल्याशिवाय गाव सोडू नये, पर्यटक व्हिसावर नोकरी सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. भविष्यनिर्वाह निधीचा आणि ग्रॅच्युइटीचा पैसा घामाचा आहे.

आणि निवृत्त शिक्षक धम्मबंधू-भगिनींना हात जोडून विनंती. नोकरीतून निवृत्ती सरकार देते, शिकवण्यातून देत नाही. आपल्या वस्तीत किती लेकरांचे आईबाप ऊसतोडीला गेले आहेत, एवढे एकदा मोजून बघा. एक खोली किंवा विहाराचा ओटा, एक फळा आणि संध्याकाळचे दोन तास पुरेत.

जयभीम!