झोपलेला अमरकंद

ऑर्किड म्हणजे आमरी. ती झाडावरच वाढते असे वाटते ना? पण जमिनीत वाढणाऱ्या आमरीही असतात.

पावसाळ्यात आमची सहल अमरावतीहून परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याला गेली. तिथे गवतातून वर आलेला अमरकंद दिसला.

"सर, खणून घरी नेऊ काय?" एकाने विचारले.

लहानपणी मीही असाच एक कंद आणला होता. अकोल्याला कुंडीत लावला. पाने वाळली, तेव्हा घाबरून रोज पाणी घातले. माती उकरून पाहतो तर काय, कंद सडलेला! तो मेला नव्हता, उन्हाळ्यापुरता झोपला होता. कोरड्या मातीत निजायचे अन् पावसाने जागे व्हायचे, ही त्याची रीत.

आमरीचे बी पिठासारखे बारीक. त्यात अन्नाचा साठा नसतो. मातीतली ठरावीक बुरशी मदतीला आली तरच ते रुजते. म्हणून उपटलेल्या कंदाची जागा सहज भरत नाही. शिवाय मेळघाटच्या राखीव जंगलातून रोप आणणे हा गुन्हाच.

घरी हौस असेल तर रोपवाटिकेतली स्पॅथोग्लॉटिस लावा. पाण्याचा निचरा होणारी माती अन् दुपारची सावली तेवढी सांभाळा.

त्या मुलाने हातातली काडी टाकली आणि वही काढून फुलाचे चित्र काढायला बसला.