हरकतीचा शेरा

सरकारी कचेरीत फाईल पुढे सरकविणाऱ्याचे कौतुक होते. ती अडविणाऱ्याचे कोणी करीत नाही. ‘तूर्त थांबावे’ एवढेच टिप्पणीत लिहिणारा मनुष्य सर्वांच्याच डोळ्यांत सलतो. आम्ही चौदा वर्षे दिल्लीत केंद्र सरकारची टेबले झिजवीत आहोत आणि इतके अनुभवाने सांगू शकतो की, हरकत घेणारे टेबल अजिबात उठवून टाकले तर कारभार सैरावैरा धावू लागेल. आणि त्याच टेबलाला हरकतींचे वेड लागले तर तो जागच्या जागी गोठेल. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना हे दोन्ही प्रकार परिचयाचे असतील.

माणसाच्या मेंदूतही निसर्गाने असे एक टेबल मांडून ठेवले आहे. मेंदूत अगदी खोलवर, थॅलॅमस नावाच्या भागाच्या खाली, डाव्या व उजव्या बाजूस एकेक, मसुराच्या दाण्यासारखा दोन्हीकडून फुगीर असा पेशींचा पुंज असतो. त्याची लांबी सेंटिमीटरभराच्या आसपास. लुईस या फ्रेंच वैद्याने १८६५ साली त्याचे वर्णन केले. आज त्यास सबथॅलॅमिक न्यूक्लियस म्हणतात. हा पुंज स्वतः हात हलवीत नाही की पाऊल उचलीत नाही. हालचालीला आवर घालणाऱ्या दुसऱ्या एका केंद्राला चेतविणे, हे त्याचे काम. एका बाजूच्या पुंजाचा रक्तपुरवठा तुटून तो निकामी झाला, तर विरुद्ध बाजूचे हातपाय त्या बिचाऱ्याच्या इच्छेविरुद्ध भिरकावले जाऊ लागतात. टेबल उठविल्याचा हा परिणाम. टेबलाला हरकतींचे वेड लागले म्हणजे काय होते, ते मात्र आम्ही आमच्या घरातच पाहिले.

आमचे वडील, नाना, वाईला शाळामास्तर होते. त्यांच्या फळ्यावरील अक्षरांकडे पाहून मुले वळण गिरवीत. घरोघर मोबाईल आले तरी महिन्याला एक आंतर्देशीय पत्र आम्हांस पाठविण्याचा नेम त्यांनी सोडला नव्हता. आठ वर्षांपूर्वीच्या एका पत्रात आम्हांस काही निराळे दिसले. प्रत्येक ओळ नेहमीच्या ऐटीत सुरू होई आणि समासापर्यंत पोहोचता पोहोचता अक्षरे मुंगीएवढी होत. पुढे चालताना उजवा हात हलेनासा झाला, सदऱ्याची गुंडी लावण्यास पाच मिनिटे लागू लागली, मग बोटांना कंप सुटला. चेहऱ्यावरील भाव मावळले. मास्तरांना हल्ली गर्व झाला आहे, ओळख देत नाहीत, असे आळीत बोलले जाऊ लागले. एका बँकेने तर सही जुळत नाही म्हणून त्यांच्याच निवृत्तिवेतनाचे पैसे नाकारले. तिथल्या कारकुनाने नियमाप्रमाणेच केले असेल. पण नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

पुण्यास निदान झाले : कंपवात. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या व्याधीवर निबंध लिहिला, तेव्हा त्यांच्यापुढे सहाच रुग्ण होते. त्यांतील काहींना तर त्यांनी केवळ रस्त्यात पाहिले होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका काळसर भागातील पेशी झिजतात आणि त्यांच्याकडून मिळणारे डोपामाइन आटते, ही या व्याधीची मुख्य खूण. रुग्णांच्या मेंदूतील हा तुटवडा १९६० साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी दाखवून दिला. डोपामाइन आटले की आपला हा पुंज अनावर होतो. ‘थांब, थांब’ हाच त्याचा घोष. १९९० साली बर्गमन, विचमन व डिलाँग यांनी कंपवातासारखी अवस्था आणलेल्या माकडांत हा पुंज निकामी केला, तेव्हा गोठलेली माकडे पुन्हा हिंडूफिरू लागली.

हे वाचले आणि आमच्या मनावरचे एक ओझे उतरले. नानांचा उत्साह सरला, ते हट्टी झाले, असे जो तो म्हणत होता. वस्तुतः त्यांची इच्छा शाबूत होती. तिच्या प्रत्येक कागदावर हरकतीचा शेरा पडत होता, इतकेच.

लेव्होडोपाच्या गोळ्यांनी काही वर्षे चांगली गेली. अलीकडे मात्र एका गोळीचा गुण पुढच्या गोळीपर्यंत टिकत नाही. म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली. १९९३ साली फ्रान्समधील ग्रनोबल येथे बेनाबिद व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम याच पुंजात विजेची तार बसविली. छातीच्या कातडीखालील घडीएवढ्या यंत्रातून सेकंदाला सुमारे १३० स्पंद जातात आणि पुंजाची बिघडलेली लय मोडते. टेबल उठविले जात नाही, त्याच्या कामाला शिस्त लागते, असे आम्ही आमच्यापुरते समजून घेतले. रोग मात्र याने बरा होत नाही. काहींची वाणी अडखळते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, यंत्र चालू असताना रुग्ण अवघड निवडीच्या वेळीही घाईने निर्णय घेतात, असे आढळले. थांबण्यालाही किंमत असते, ती अशी.

डॉक्टरांचे बोलणे संपले तेव्हा नानांनी बऱ्याच वेळाने एवढेच विचारले, “आवाज जाईल का?” जन्मभर शिकविलेल्या माणसाचा प्रश्न तो! डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. “मग विचार करू द्या,” नाना म्हणाले. आई व थोरले बंधू अधीर झाले. आम्ही त्यांना थोपवून धरले. चौथ्या दिवशी सकाळी चहा घेताना नाना आपण होऊन बोलले, “करू या रे. माझी सही मला करता आली पाहिजे.”

पुढील महिन्याची तारीख मिळाली आहे; आमची रजाही मंजूर झाली आहे. तोवर रोज सायंकाळी आम्ही दिल्लीहून फोन करतो. आपल्यासारख्या दूर नेमणुकीवरच्या माणसांना आईबाप भेटतात ते बहुधा असे आवाजातूनच, आणि पलीकडे शांतता पसरली की आपण ती भरून काढू लागतो. आम्ही एक प्रश्न विचारतो आणि गप्प राहतो. कधी दहा सेकंद जातात, कधी वीस. नानांचे वाक्य आम्ही त्यांच्याऐवजी पुरे करीत नाही. उत्तर येते. काल आले ते असे : “कृष्णेला पाणी चांगले आहे. तू जेवलास का?”