चऱ्याखाली शाबूत

लग्नाच्या अल्बमशेजारी अजूनही कित्येक घरांत दोन-तीन सीड्या सापडतात. वर मार्करने लिहिलेली नवरा-नवरीची नावे आणि खाली ‘भाग १’, ‘भाग २’. एका व्हीसीडीवर ७४ ते ८० मिनिटांचेच चित्रण मावे, म्हणून सीमंतपूजन एका चकतीवर आणि वरात दुसरीवर. आमच्या घरच्या अशाच एका चकतीवर आजोबा मंगलाष्टके म्हणताना ऐकू येतात. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच उरलेला नाही. त्यामुळे चरे पडलेली सीडी कुणी ‘टाकून दे’ म्हणून पुढे केली, की मी आधी ती उजेडात धरून पाहतो.

सीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि ही जाडी जवळजवळ सगळी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची. नोंदी चमकत्या बाजूला असतात असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्या नाव लिहायच्या बाजूला खेटून असतात. त्यांच्यावर धातूचा पातळ थर आणि त्यावर लॅकरचा पापुद्रा, एवढेच संरक्षण. लेझरचा किरण खालून येतो आणि प्लॅस्टिक ओलांडून नोंदींपाशी एकवटतो. खालच्या बाजूचा चरा म्हणजे खिडकीच्या काचेवरचा ओरखडा: पलीकडचे अंगण जागच्या जागी असते. वरची बाजू खरवडली गेली, तर मात्र धातूच निघून येतो. दिव्यासमोर धरल्यावर टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके आरपार दिसले, तर तिथली नोंद कायमची गेली. म्हणून सीडी ठेवताना आपण जपतो ती चमकती बाजू. जपायला हवी ती खरे तर दुसरी.

सीडी १९८२ साली बाजारात आली. ती माणसांच्या हाताळणीत राहणार, पडणार, घासली जाणार, हे तिच्या रचनाकारांनी सुरुवातीलाच गृहीत धरले होते. रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० साली मांडलेल्या गणिताच्या आधारे त्यांनी प्रत्येक नोंदीला जादा खुणा जोडल्या आणि सलग माहिती मार्गावर दूरदूर विखरून टाकली. त्यामुळे मार्गाचा सुमारे अडीच मिलिमीटर तुकडा सलग वाचता आला नाही, तरी प्लेअर तो भाग गणिताने पुन्हा उभा करतो. चूक होणारच हे मान्य करून तिच्यासाठी आधीच जागा ठेवणारी ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. व्हीसीडीत मात्र चित्रासाठी जागा मिळावी म्हणून संगणकाच्या सीडीतला दुरुस्तीचा आणखी एक थर सोडून दिलेला असतो. लग्नाच्या चित्रणात ऐन कन्यादानाला चौकोन उमटू लागतात, ते यामुळेही.

चऱ्याची दिशाही महत्त्वाची. मार्ग मधून सुरू होऊन गोल गोल बाहेर जातो. मधून कडेकडे गेलेला चरा प्रत्येक वळणाला क्षणभरच आडवा येतो; वळणाच्या दिशेने पडलेला चरा सलग मोठा भाग गिळतो. म्हणून सीडी कधीही गोलाकार पुसू नये. मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसावी.

दुरुस्तीची सुरुवात पाण्याने करावी. भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब घेऊन हलक्या हाताने धुवावी आणि चष्म्याच्या मऊ फडक्याने टिपावी. पुष्कळदा बोटांचा तेलकटपणाच आडवा आलेला असतो आणि एवढ्यानेच काम भागते. तेवढ्याने वाचली नाही, तर साधी पांढरी टूथपेस्ट घ्यावी, जेल नको. चऱ्यावर मधून कडेकडे हलकेच चोळून स्वच्छ धुवावी. पेस्ट चरा भरत नाही. तिच्यातली बारीक पूड चऱ्याच्या कडा झिजवते, म्हणजे किरण तिथे कमी विखुरतो. दरवेळी थोडे प्लॅस्टिक जाते, म्हणून हा उपाय मोजकाच करावा. ब्ल्यू-रे चकतीवर तर करूच नये. तिच्या नोंदींवर अवघे ०.१ मिलिमीटरचे आवरण असते.

या सगळ्या खटाटोपातून चकती नवी होत नाही. ती एकदा, शेवटपर्यंत वाचली जाते, आणि तेवढेच आपल्याला हवे असते. दुरुस्तीचे खरे काम त्यानंतर सुरू होते. ती वाचली गेली, की त्याच बैठकीत तिची नक्कल संगणकावर घ्यावी, दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि भावंडांनाही द्यावी. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून ते चित्रण लावावे आणि पंगतीत कोण बसले आहे, मागे सनई कोण वाजवते आहे, हे विचारून लिहून घ्यावे. चकतीवर चेहरे आहेत. त्यांची नावे अजून माणसांच्याच आठवणीत आहेत. त्या आठवणीची दुसरी प्रत कुठेही नाही. कपाट उघडायचे असेल, तर ते याच रविवारी उघडा.