पहिल्या धनुष्याचे लाकूड

बेंगळुरूस जाणारा प्रवासी लालबागेतील काचगृह पाहतो, विधानसौधापुढे क्षणभर थबकतो आणि गाडीची वेळ झाली म्हणून परततो. गेल्या माघात मी तेथे गेलो तो मात्र लाकडाच्या शोधात भटकलो. मल्लेश्वरम् भागात माझी बहीण राहते. तिच्या तेरा वर्षांच्या मुलाने महिनाभर खपून स्वतःच्या हातांनी एक धनुष्य केले होते. तिसऱ्याच ओढीस ते कडकन मोडले आणि एक तुकडा भुवईवर लागून त्याला खोक पडली. जखम भरली, परंतु हत्यारे माळ्यावर गेली ती गेलीच. "मामा, माझ्या हाताला ते जमायचे नाही," एवढेच तो म्हणाला.

मी मोडलेले तुकडे मागून घेतले. लाकूड सागाचे होते, वखारीत कापलेल्या फळीचे. कडेने निरखून पाहता मुठीपाशी तंतू तिरपे होऊन पाठीवर बाहेर पडलेले दिसले आणि भेग नेमकी त्याच वाटेने गेलेली. करवत पट्टीच्या रेघेने चालते. झाडाचे तंतू कोठे वळले आहेत, याची तिला फिकीर नसते. मुलाच्या हाताचा यात फारसा दोष नव्हता, हे त्याला पटवावे कसे?

सुदैवाने त्याचे उत्तर घरापासून चार पावलांवर होते. मल्लेश्वरमच्या 18व्या क्रॉसवर काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे. म्हैसूर संस्थानाच्या काळी, 1938 साली, येथे वनसंशोधनाची प्रयोगशाळा निघाली. तिचीच पुढे 1988 मध्ये ही संस्था झाली. तेथील लाकडांचे नमुने पाहता पाहता मुलाची जीभ हळूहळू सैल झाली. साग टिकाऊपणात श्रेष्ठ, पण अकस्मात बसणारा ताण त्याला फारसा सोसत नाही. शिसव दिसावयास देखणी आणि बिबळा बळकट. परंतु दोहोंचे तंतू बहुधा एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे ती सरळ फाटत नाहीत.

धनुष्य ओढले म्हणजे त्याची पाठ, म्हणजे तिरंदाजापासून दूरची बाजू, ताणली जाते आणि त्याच्याकडील पोट दाबले जाते. शिवाय जाडीचा हिशेब मोठा कठोर आहे. जाडी एक दशांशाने उतरली की तेथील ताठपणा चतुर्थांशाहून अधिक घटतो. नवशिक्याची कानस एखादे ठिकाणी जरा जास्त चालली की सगळा बाक तेथेच गोळा होतो. अशा वेळी क्षमाशील लाकूड एकदम तुटत नाही. थोडा कायमचा बाक धरते आणि चूक सुधारण्यास अवधी देते. म्हणून सरळ तंतूंचे, चिवट लाकूड निवडावे, ते शक्यतो पाचर ठोकून फाडावे आणि भुजा रुंद व लांब ठेवाव्यात. ओढ 24 इंचांची असेल तर धनुष्य निदान 5 फुटांचे असावे.

आपल्या रानातील धामण या कामास फार जुनी. संस्कृत निघंटूंत तिला धन्वन आणि धनुर्वृक्ष ही नावे आहेत. कानडीत ती तडसलु. कावडीचे दांडे आणि हत्यारांच्या मुठी तिच्या होतात त्या याच लवचिकपणामुळे. कौटिल्याने अर्थशास्त्रात ताड, वेळू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये सांगितली आहेत. (त्या ग्रंथाचे शामशास्त्रींनी केलेले इंग्रजी भाषांतर 1915 साली याच शहरात छापले गेले, हे ऐकून भाच्याला उगीचच अभिमान वाटला.)

धामणीचा सरळ दांडा वखारीत मिळेना, म्हणून आम्ही शिवाजीनगरकडील बांबू बाजाराची वाट धरली. बांबूच्या धनुष्यास आपण कमठा म्हणतो. भिल्लांच्या हाती तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. वेळूचे बळकट तंतू सालीखाली सर्वांत दाट असतात. साल न दुखवता तीच पाठ केली म्हणजे तंतू अखंड राखण्याची नवशिक्याची निम्मी विवंचना आपोआप मिटते. कोवळा वेळू मात्र घेऊ नये. निदान तीन वर्षांचा, जाड भिंतीचा असावा. शिड्या करणाऱ्या वृद्ध कारागिराने आमचे मोडके कानडी सहन करून बोटाने टिचकी मारून एकेक वेळू पारखला आणि कोयत्याने दोन अंगुळे रुंद कामटी काढून दिली. पैसे त्याने एका वेळूचे घेतले, फाडणावळ घेतली नाही.

घरी कामटी सावलीत पूर्ण वाळू दिली. नंतर फक्त पोटाची बाजू तासावयाची, पाठीवरील गाठींना हत्यार लावावयाचे नाही, थोडे वाकवून पाहावयाचे आणि पुन्हा तासावयाचे, असा क्रम ठरला. बाण न लावता दोरी ओढून सोडावयाची नाही, ही अट बहिणीने स्वतः घातली.

माझी सुटी संपली तेव्हा काम अर्धेच झाले होते. परवा भाच्याचे पत्र आले: "मामा, वरची भुजा अजून ताठ आहे. काल खालची जरा जास्त तासली गेली, पण मोडली नाही; थोडी वाकून राहिली. आता वरची तासतो आहे. धामण मिळाली तर एक दांडा ठेवून द्या."