दिवेआगरहून चाकणला

चाकणला कोणी सहलीसाठी येत नाही. येथे माणसे येतात ती नोकरीसाठी, मालासाठी, नाहीतर नाशिकला जाताना वाहतुकीत अडकून. पुणे-नाशिक महामार्गाला तळेगावचा रस्ता जिथे मिळतो, त्या तळेगाव चौकात उभे राहिले की या गावाचे सारे चरित्र डोळ्यांसमोरून जाते : बाजार समितीकडे निघालेले कांद्याचे ट्रक, नव्या मोटारी लादलेले लांबलचक कंटेनर, पाळी सुटलेल्या कामगारांच्या बसगाड्या. बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ अशी नावे या परिसराच्या पाट्यांवर आली आणि खेड तालुक्यातील एक बाजारपेठेचे गाव पाहता पाहता उद्योगनगरी झाले. अशा गावातून बाहेर पडणे म्हणजे विश्रांती आणि परत येणे म्हणजे कामाला लागणे, हा येथील प्रत्येक घराचा अनुभव आहे. गेल्या कार्तिकात आमच्या घरात या परतण्याला आणखी एक अर्थ आला.

माझ्या पत्नीला स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले, शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर केमोथेरपी सुरू झाली. एकूण आठ मात्रा ठरल्या होत्या. पहिल्या चार एका प्रकारच्या औषधांच्या, पुढच्या चार दुसऱ्या औषधाच्या, आणि दर दोन मात्रांमध्ये एकवीस दिवसांचे अंतर. या एकवीस दिवसांना स्वतःची एक चाल असते. पहिल्या आठवड्यात मळमळ, तोंडाची गेलेली चव आणि अंगात मुरलेला थकवा. दुसऱ्या आठवड्यात रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत खाली उतरतात. तेव्हा बाहेरून फारसे काही दिसत नाही, पण साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. तिसऱ्या आठवड्यात पेशी पुन्हा भरून येतात, जेवण गोड लागू लागते, माणूस स्वतःला ओळखू लागतो. आणि तोवर पुढच्या मात्रेचा दिवस येऊन ठेपतो.

चौथी मात्रा झाली तेव्हा डॉक्टरांनीच विचारले, "तिसऱ्या आठवड्यात चार दिवस कुठे जाऊन येता का?" आम्ही चकित झालो. नातेवाइकांपैकी काहींना तर हे रुचलेच नाही. आजारी माणसाला घेऊन कसली सहल, असा सूर निघाला. आमच्या शेजारी एका कारखान्यात देखभाल विभागात काम करणारे गृहस्थ राहतात. त्यांनी मात्र नेमके सांगितले, "वहिनी, आमच्याकडे वर्षातून एकदा शटडाऊन असतो. मशीन बिघडले म्हणून बंद करत नाहीत. पुढे चालावे म्हणून बंद करतात." मी दुकानाला चार दिवस कुलूप लावले आणि आम्ही दिवेआगरला निघालो.

तयारी मात्र डॉक्टरांच्या सांगण्यानुसार केली. निघण्यापूर्वी रक्ततपासणी. उपचारांची संपूर्ण फाइल सोबत. थर्मामीटर हाताशी, ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर रात्र आहे की पहाट हे न पाहता रुग्णालय गाठायचे. त्यासाठी वाटेवरच्या माणगावचे रुग्णालय आधीच पाहून ठेवले. ऊन टाळायचे, कापून ठेवलेली फळे खायची नाहीत, पाणी उकळलेलेच प्यायचे, अन्न ताजे आणि गरम. यांतील शेवटच्या दोन गोष्टी आम्हाला कोणी शिकवाव्या लागल्या नाहीत. आमच्या स्वयंपाकघरात त्या पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत.

मुळशीचे पाणी उजवीकडे ठेवत रस्ता ताम्हिणीच्या घाटाला लागला. पावसाळ्यानंतरचा घाट अजून हिरवा होता, धबधबे मात्र बारीक झाले होते. घाट उतरल्यावर हवा बदलली, अंगाला दमटपणा जाणवू लागला, आणि पत्नीने कित्येक आठवड्यांनी काच खाली करून बाहेर तोंड काढले. तिच्या डोक्यावरचा सुती रुमाल वाऱ्याने फडफडला. तिने तो सावरला नाही.

दिवेआगरचा किनारा लांबलचक आणि सपाट आहे. किनाऱ्यालगत सुरूची झाडे, केवड्याची बने आणि त्यांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या. आम्ही अशाच एका वाडीतील घरी उतरलो. कांदा-लसूण आणि कंदमुळे नकोत, सूर्यास्तापूर्वी जेवण हवे, हे सांगितल्यावर घरच्या काकू हसून म्हणाल्या, "चाकणची माणसे आणि कांदा नको?" चाकणचा कांदा त्यांच्या बाजारातही ओळखीचा होता. त्यांनी चारही दिवस ओल्या खोबऱ्याची, केळफुलाची, दुधी-भोपळ्याची अशी साधी भाजी आणि मऊ भात केला. दुसऱ्या दिवशी पत्नीने भात पुन्हा मागून घेतला. ती गोष्ट मी रोजनिशीत लिहून ठेवली आहे.

त्या दिवसांत अंगणात सुपारी वाळत घातलेली होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-दिवेआगर भागातील वाड्या आडव्या झाल्या. पोफळीच्या रोपाला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. म्हणजे एका दिवसात पिढीचे उत्पन्न गेले. काकूंनी नवी रोपे दाखवली. त्या म्हणाल्या, "पडलेली मोजत बसलो असतो, तर उभी होती तीही गेली असती." हे वाक्य त्यांनी आमच्यासाठी म्हटले नव्हते. त्यांना पत्नीच्या आजाराविषयी त्या वेळी ठाऊकही नव्हते.

तिसऱ्या संध्याकाळी, समुद्राच्या ओल्या वाळूवर बसलेली असताना, पत्नी शांतपणे म्हणाली, "अहो, पाचवी नको घेऊ या. गाठ तर काढली आहे. चार झाल्या. मला आत्ता बरे वाटते आहे, असेच राहू दे."

मी उत्तर दिले नाही. तिच्या बोलण्यात हट्ट नव्हता, त्रागा नव्हता. आजारात असताना मनुष्य वेदनेला सरावतो. पण चार दिवस बरे वाटल्यावर त्याच वेदनेकडे स्वतःच्या पायांनी चालत जाणे अधिक कठीण असते. सहलीची खरी किंमत तिथे द्यावी लागते. उपचार मध्येच सोडण्याचा विचार दुर्बल मनातच येतो असे नाही. बरे वाटू लागलेल्या मनातही तो येतो.

मी एवढेच म्हटले, "हे तू डॉक्टरांनाच विचार." तिने दुसऱ्या सकाळी स्वतः फोन लावला. डॉक्टरांनी रागावून किंवा घाबरवून उत्तर दिले नाही. त्यांनी सांगितले, की जी गाठ दिसत होती ती शस्त्रक्रियेने काढली. आता औषध चालू आहे ते न दिसणाऱ्या पेशींसाठी. त्या उरल्या आहेत की नाहीत, हे कोणालाही पाहून सांगता येत नाही. प्रत्येक मात्रा उरलेल्यांपैकी काही भाग नष्ट करते, म्हणून एकामागून एक मात्रा. आणि शरीर भरून यावे म्हणून मधले अंतर. "रक्तपेशी कमी आढळल्या तर मीच आठवडाभर थांबेन. पण थांबणे वेगळे आणि सोडणे वेगळे. तरीही सोडायचेच असेल, तर समोर बसून बोलू. निर्णय तुमचा आहे." पत्नीने फोन ठेवला आणि बराच वेळ वाळत घातलेल्या सुपारीकडे पाहत राहिली. दुपारी तिने सामान आवरायला घेतले.

परतीच्या वाटेवर तिने अतुल परचुरे यांची आठवण काढली. त्यांची नाटके तिला फार आवडत. लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून ते सपत्नीक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला गेले होते. त्या प्रवासात अन्न जाईनासे झाले आणि परतल्यावर यकृतात कर्करोगाची गाठ असल्याचे निष्पन्न झाले, हे त्यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितले होते. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी ते गेले. "त्यांना सहलीहून परतल्यावर कळले," पत्नी म्हणाली. "मला निदान ठाऊक तरी आहे, कशाकडे परतते आहे ते." तिच्या बोलण्यात सांत्वन नव्हते. कोणतेही परतणे हमी देत नाही, हे तिने मनाशी मान्य केले होते.

देहूरोड, तळेगाव दाभाडे, इंदोरी, महाळुंगे असे करत संध्याकाळी चाकण जवळ आले. कंटेनरांची रांग लागली. एरवी या कोंडीचा मला संताप येतो. त्या दिवशी मात्र आम्ही दोघेही शांत होतो; घर अजून थोडे दूर आहे, हे दोघांनाही बरेच वाटत असावे.

चाकणच्या पोटात संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट आहे. आज त्याचे थोडेच अवशेष उरले आहेत. १६६० च्या भर पावसाळ्यात शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेसमोर किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी तो सुमारे पंचावन्न दिवस लढवला; अखेर सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हाच तो पडला. कर्करोगाच्या रुग्णाला लोक कौतुकाने 'लढवय्या' म्हणतात. पत्नीला तो शब्द आवडत नाही. लढायला अंगात बळ लागते, ते मला कुठे आहे, असे ती म्हणते. परंतु पंचावन्न दिवसांचा वेढा म्हणजे पंचावन्न दिवसांची लढाई नव्हे. त्यांत पाणी भरण्याचे, भिंत लिंपण्याचे, भात शिजवण्याचे, झोप घेण्याचेही दिवस असतातच. झोप घेतलेला पहारेकरीच दुसऱ्या दिवशी तटावर उभा राहू शकतो. दिवेआगरचे चार दिवस मला त्या झोपेसारखे वाटतात. ते उपचारांतून काढलेले दिवस नव्हते, उपचारांतलेच होते.

वाचकहो, ज्यांच्या घरी असा दीर्घ उपचार चालू असेल, त्यांनी विश्रांतीचा विषय आपल्या डॉक्टरांकडे निःसंकोच काढावा. प्रत्येकाचे औषध वेगळे, चक्र वेगळे. आमचा तिसरा आठवडा तुमच्यासाठी योग्य असेलच असे नाही. गावाबाहेर जाता आले नाही, तरी भामा नदीच्या काठावरची एक संध्याकाळही पुरते. आणि परतताना रुग्णाने "नको" म्हटले, तर ते पूर्ण ऐकून घ्यावे. त्या शब्दाला लगेच धीराचे उत्तर देऊ नये.

दुसऱ्या दिवशी रक्ततपासणी झाली. पेशी पुरेशा भरल्या होत्या. पाचवी मात्रा ठरल्या दिवशी झाली. नव्या औषधाने बोटांना मुंग्या येऊ लागल्या आहेत, पण मळमळ कमी आहे. त्या आठवड्यात पत्नीने दिवेआगरच्या काकूंना फोन करून प्रथमच आपल्या आजाराविषयी सांगितले आणि आठव्या मात्रेनंतरसाठी तीच खोली मागितली. काकूंनी तारीख विचारली.

"तारीख डॉक्टर सांगतील," ती म्हणाली, "खोली तुम्ही ठेवा."