भूपतगड

पेरू देशातील इंका लोकांचे कुस्को नगर सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत नवख्या प्रवाशाचे डोके दुखते. शरीर सरावेपर्यंत भग्नावशेष पाहण्याची घाई त्याला करता येत नाही. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतील भूपतगड त्या मानाने अगदीच ठेंगणा! येथे दम लागतो तो चढणीने आणि उन्हाने. माथ्यावर वाडे उरलेले नाहीत. ढासळलेला दरवाजा आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी तेवढी आहेत. ती खोदणाऱ्यांना हा मुलूख नीट कळला होता. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस कोसळतो, परंतु खडकाळ उतारावर पाणी ठरत नाही. उन्हाळ्यात या भागातील पाड्यांवरच्या स्त्रिया हंडाभर पाण्यासाठी अशाच चढणी रोज चढतात.