वास आणि श्वास

आपल्याकडे घराची स्वच्छता नाक ठरवते. फरशीला फिनेलचा, देवघरात उदबत्तीचा, कपाटात डांबरगोळ्यांचा आणि तिन्हीसांजेला धुपाचा वास आला, की गृहिणीला बरे वाटते. आलेला पाहुणाही उंबऱ्यातच म्हणतो, "काय प्रसन्न वाटतंय हो!" पण नाकाला आवडते ते छातीला मानवतेच असे नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या घराला हे चांगलेच उमगले.

मुलगा आणि सून धारवाडहून बेळगावला आमच्याकडे कायमचे राहायला आले. नातू सहा वर्षांचा, त्याला दमा. त्याच्या दप्तरात वह्यांच्या शेजारी इनहेलर असतो. पहिल्याच संध्याकाळी सून मला म्हणाली, "अत्ती, किटकी तेगीरी, स्वल्प गाळी बरली." जरा खिडकी उघडा, वारा येऊ दे. बाहेर मृगाचा पाऊस कोसळत होता. आपल्याकडची पावसाची झड तुम्हांला ठाऊकच आहे. पश्चिमेच्या खिडक्या एकदा लागल्या की गणपती येईपर्यंत कोण उघडतो?

मुलाच्या डॉक्टरांनी औषधाबरोबर एक गृहपाठ दिला. घरात दिवसभरात कशाकशाचा धूर होतो आणि कशाकशाचा उग्र वास येतो, ते लिहून काढा. सून आणि मी कागद घेऊन बसलो. पहाटे अंघोळीच्या पाण्याचा बंब. सकाळ-संध्याकाळ उदबत्ती. लाल मिरचीची फोडणी. दिवेलागणीला धूप. रात्री डासांची कॉइल. शिवाय फिनेल, संडासाचे अ‍ॅसिड, डांबरगोळ्या. कागदाची एक बाजू भरली.

त्यातली कॉइल सर्वांत आधी गेली. चीन आणि मलेशियातील कॉइलींवर झालेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. एक कॉइल पूर्ण जळली की तिच्या धुरातून जितके सूक्ष्म कण बाहेर पडतात, तितके पडायला ७५ ते १३७ सिगारेटी जळाव्या लागतात, असे त्यात आढळले. हे कण अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही बारीक. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात. कडुलिंबाचा पाला जाळला तरी धूर तो धूरच. आता खिडक्यांना जाळी आहे, पलंगावर मच्छरदाणी आहे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या पाण्यात वाढतो, म्हणून पिंपांवर झाकण असते आणि दर आठवड्याला ती रिकामी करून घासली जातात.

बंबाच्या जागी गिझर आला. डांबरगोळ्या गेल्या, कारण त्यांतले नॅप्थलीन हवेत उडून श्वासात जाते. जी-सिक्स-पीडी या घटकाची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांना तर त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. लुगडी आणि शाली आता कडक उन्हात वाळवून घट्ट डब्यात ठेवतो. संडास धुताना अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरायची नाही, हे कामाला येणाऱ्या बाईंनाही समजावून सांगितले. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू सुटतो, आणि कोंडलेल्या जागेत तो जिवावर बेतू शकतो.

राहिला धूप. तिथे माझ्या सासूबाईंशी गाठ. वय ब्याऐंशी. "माझ्या देवाचा धूप बंद करणार?" म्हणून दोन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. सूनही गप्प राहिली. तिसऱ्या रात्री पोराला उबळ आली, तेव्हा त्या त्याच्या पाठीवर हात फिरवत बसल्या होत्या. सकाळी धुपाटणे उचलून स्वतःच अंगणात तुळशीपाशी नेऊन ठेवले. म्हणाल्या, "देव काही खोकत नाही. पोर खोकतंय." आता धूप अंगणात, देवघरात फुले आणि समई. त्यांच्या जागी मी असते, तर हे मला इतक्या सहज जमले असते का, कोण जाणे.

खिडकीचाही नियम ठरला. स्वयंपाक चालू असताना एक्झॉस्ट फॅन, आणि नंतर पंधरा मिनिटे समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या. गॅसच्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, म्हणून सारवासारव नाही. पश्चिमेकडून पाऊस आत येत असेल तर पूर्वेची खिडकी. गल्लीत कोणी कचरा पेटवला, तर तेवढा वेळ सगळ्या बंद. भिंतीला ओल आली की बुरशी लगेच पुसायची आणि गळती शोधायची. कुंड्या मात्र हौसेसाठी. चार रोपांनी घरची हवा शुद्ध होत नाही.

नातवाचा दमा गेलेला नाही. इनहेलर डॉक्टर सांगतील तसाच चालू आहे. पण रात्री उठून बसण्याचे प्रसंग कमी झाले आहेत, आणि आमच्या घराला एवढेही पुष्कळ आहे.

या आठवड्यात तुम्हीही घरातल्या सगळ्यांना घेऊन असा एक कागद लिहा. मराठीत लिहा की कन्नडमध्ये, यादी बहुधा हीच निघेल.